बाईंचं फडताळ

खोली दाखवताना बाई म्हणाल्या, "तुझ्या आधीची भाडेकरीण वारली."

मी उंबऱ्यातच थांबले. हातातली बॅग खाली ठेवावी की तशीच उचलून परत स्टेशन गाठावं, काही कळेना.

"इथे नाही. तिच्या माहेरी, काविळीने," बाई म्हणाल्या. "पंखा तिचाच आहे. चांगला चालतो."

आमच्या ओळखीची सुरुवात ही अशी झाली. २०१५ चा जून होता. मला तलासरीच्या एका शाळेत नोकरी लागली होती आणि राहायचं तर समुद्राच्या काठी, या हौसेपायी मी डहाणूजवळच्या चिखले गावात खोली शोधत फिरत होते. समुद्र मिळाला, चिकूच्या वाडीतली खोली मिळाली आणि त्यांच्यासोबत बाई मिळाल्या. पुढची चार वर्षं मी त्या घरात राहिले आणि त्या चार वर्षांत मला जेवढे धक्के बसले, तेवढे उरलेल्या आयुष्यात मिळूनही बसलेले नाहीत.

बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. उंच, काटकुळ्या, कडक इस्त्रीची सुती साडी आणि घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून शिकून गेलेलं, त्यामुळे पन्नाशीची माणसंसुद्धा त्यांना पाहून विडी पाठीमागे लपवत. नवरा कधीच वारलेला, मूलबाळ नाही. सगळं गाव त्यांना बाईच म्हणे, मीही म्हणू लागले.

मरणाच्या बाबतीत 'वारला' हा एकच शब्द त्यांना मान्य होता. कोणी 'गेला' म्हटलं की बाई विचारत, "कुठे गेला? बाजारात?" कोणी 'देवाघरी गेले' म्हटलं तर म्हणत, "पत्ता दे." एकदा भाजीवाली रडत रडत सांगायला आली, की तिचे सासरे शांत झाले. बाईंनी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "शांत तर ते आधीपासूनच होते. वारले म्हण." ती बिचारी रडायचंच विसरली. मला वाटलं, या बाईला काळीजबिळीज आहे की नाही!

आपल्याकडे पद्धत अशी, की लांबच्या माणसाला मरणाची बातमी सरळ सांगायची नाही. 'तब्येत जरा जास्त आहे, निघून ये' एवढंच म्हणायचं. मग त्याने गाडीत बसून देवाचा धावा करत यायचं आणि अंगणात जमलेली माणसं बघून काय ते समजून घ्यायचं. बाईंना या पद्धतीची मनस्वी चीड होती. शेजारचे आजोबा वारले तेव्हा त्यांचा मुलगा वापीला कामावर होता. चार जाणती माणसं फोनभोवती जमून काय सांगायचं ते ठरवत होती. बाई आल्या, त्यांनी फोन हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या, "मी बाई बोलतेय. तुझे वडील वारले, आत्ता, दहा मिनिटांपूर्वी. आधी बसून रडून घे, मग पाणी पी आणि गाडीत बस. आम्ही थांबतो तुझ्यासाठी."

मी तर भिंतीला टेकूनच उभी राहिले. एक काका धीर करून म्हणाले, "बाई, हे काय केलंत? पोराला वाटेत काही झालं असतं तर?" बाई म्हणाल्या, "होऊ दे ना. पण त्याला ठाऊक असू दे, आपण कशाला चाललोय ते."

म्हणूनच की काय, आमच्या किनाऱ्यावर मरणाची बातमी कळवायचं काम हळूहळू बाईंकडे आलं. बोर्डीपासून डहाणूपर्यंतच्या गावांचा मिळून एक व्हॉट्सॅप ग्रुप होता. कोणी वारलं की घरचे आधी बाईंना फोन करत आणि बाई ग्रुपवर टाकत. फुलं नाहीत, हात जोडलेले नाहीत, 'भावपूर्ण' वगैरे तर नाहीच. पहिल्या ओळीत कोण वारलं ते, आणि खाली तो माणूस. 'यांना पोहता येत नव्हतं, तरी तीस वर्षं होडीवर काम केलं.' 'या रागीट होत्या. पण कुंपणापलीकडच्या बाळंतिणीला पहिलं पाणी यांनीच तापवून दिलं.' लोक वाचून आधी दचकत आणि मग दिवसभर एकमेकांना वाचून दाखवत.

फोन घटकाभरात येत असे आणि मजकूर दोन मिनिटांत ग्रुपवर असे. टायपिंग मात्र एका बोटाने, तेही कोंबडीने दाणे टिपल्यासारखं. मग एवढं सगळं लिहितात कधी, हे कोडं मला बरेच दिवस पडलं होतं.

ते एका संध्याकाळी सुटलं. बाई फोन घेऊन माझ्या खोलीत आल्या. "बघ गं, फडताळ भरलं. नवीन ठेवलं की जुनं पडतं."

"कुठलं फडताळ?"

त्यांनी व्हॉट्सॅपच्या रिकाम्या चौकटीवर बोट टेकवून तसंच धरलं. 'पेस्ट' उगवलं आणि त्याच्या शेजारी 'क्लिपबोर्ड'. ते दाबल्यावर कप्पेच्या कप्पे उघडले. प्रत्येक कप्प्यात आपण कधीकाळी कॉपी केलेला मजकूर, पहिल्या दोन ओळी दिसतील असा. माझ्या फोनमध्ये असं काही असतं याचा मला पत्ताच नव्हता. मी कॉपी करायची, चिकटवायची आणि विसरून जायची. बाईंचा न्याय वेगळा होता. बटण दिसलं की दाबायचं आणि आत काय आहे ते बघायचं.

मी वरचा कप्पा वाचला. 'घोलवडचे चित्रकलेचे मास्तर आज वारले.'

"अहो!" मी ओरडलेच. "सकाळी जीपमध्ये होते की माझ्याबरोबर! मला शेंगदाणे दिले त्यांनी!"

"हो, धडधाकट आहेत," बाई म्हणाल्या. "म्हणून तर आत्ता लिहिलं. माणूस हिंडताफिरता असताना नीट आठवतो. वारल्यावर लिहायला बसलं, की सगळेच मनमिळाऊ होतात."

मी एकेक कप्पा वाचत गेले. सरपंचाची आई, पिठाच्या गिरणीवाला, पोस्टातली बाई, सगळी ठणठणीत माणसं त्या फोनमध्ये वारलेली होती. आणि मधेच एका कप्प्यात: 'आमची भाडेकरीण आज वारली. तलासरीला शिक्षिका होती. नळ नीट बंद करत नसे. गाणं बरं म्हणायची, पण कोणी ऐकतंय कळलं की थांबायची.'

मी फोन त्यांच्यापुढे धरला. "बाई, मी अठ्ठावीस वर्षांची आहे!"

"रोज त्या जीपला मागे लटकून घाट चढतेस. तयारी नको?" बाई अगदी शांतपणे म्हणाल्या. "आणि नळाचं खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. त्या रात्री मला झोप आली नाही. पण गाण्याबद्दलची ती ओळ मनातून जाईना, हेही खरंच. ते कोणाच्या लक्षात आलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

मी त्यांना समजावून सांगितलं, की या फडताळात वीसच कप्पे आहेत आणि एकविसावा आला की सगळ्यात जुना बाहेर पडतो. मजकुरावर बोट दाबून धरलं की त्याला कुलूप लावता येतं, मग तो पडत नाही. सिलिंडरचे नंबर, बँकेचे आकडे असला केर वेळच्या वेळी पुसून टाकायचा. खरं तर हे मजकूरही इथे ठेवूच नयेत, त्यासाठी फोनमध्ये नोंदवहीची वेगळी सोय असते. बाईंनी कुलपाचं लगेच शिकून घेतलं. वेगळ्या सोयीचं मात्र त्यांना पटलं नाही. "तिथे जायचं, शोधायचं, उचलायचं, इथे यायचं. तोवर लोक 'तब्येत जास्त आहे' म्हणून मोकळे होतात," त्या म्हणाल्या.

आता धाकटीबद्दल सांगायला हवं. धाकटी म्हणजे बाईंची धाकटी जाऊ. त्याच अंगणात, समोरच्या घरात राहायची. गोल, बुटकी, सतत घाबरलेली आणि घाबरली की हसणारी. तिचा नवरा उंबरगावला कामाला, तो आठवड्याने यायचा. दोघी जावांचं अंगण एक, विहीर एक, तुळस एक आणि बोलणं बंद. कित्येक वर्षांपासून. मधला टपाल विभाग मी. "तिला सांग, पंपाचं बटण बंद कर." "बाईंना सांग, करते." दोघी एकमेकींपासून चार हातांवर उभ्या आणि मी मधोमध शाळेतल्या प्रार्थनेसारखी पुन्हा म्हणून दाखवतेय!

कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बाई नोकरीत असताना एका निवडणुकीला त्यांची ड्युटी तलासरीपलीकडच्या पाड्यावर लागली. फोनला रेंज नाही. मतदानाच्या दिवशी सकाळी इकडे त्यांच्या नवऱ्याच्या छातीत दुखू लागलं. घरात धाकटी एकटीच. तिने रिक्षा करून त्यांना दवाखान्यात नेलं आणि बाईंना निरोप धाडला. तो निवडणुकीच्या जीपवाल्याकडून दुपारच्या आत पोचला: 'दादांना जरा बरं नाही. काम संपलं की या.' बाईंना वाटलं, नेहमीचं पित्त असेल. त्यांनी मतदान पूर्ण केलं, यंत्रं सीलबंद केली, तालुक्याला जमा केली आणि रात्री घरी आल्या, तर अंगणात माणसं. नवरा दुपारी वारला होता. निरोप खरा असता तर बाई वेळेत पोचल्या असत्या. त्या दिवसापासून त्या धाकटीशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आणि शेवटच्या वेळी नवऱ्याजवळ एकटी धाकटीच होती, त्यामुळे तेव्हा तिथे काय झालं, हे बाईंना कधी कळलंच नव्हतं. साऱ्या किनाऱ्याला मरणं कळवणाऱ्या बाईला घरचं मरण कोणी सांगितलं नव्हतं.

२०१८ च्या थंडीतली गोष्ट. सकाळी मी आणि धाकटी एकाच जीपने तलासरीला गेलो. तिची मुलगी तिथल्या एका पाड्यावर दिलेली, नुकतीच बाळंत झाली होती. धाकटी स्टँडवर उतरली आणि मला हात करून गेली. तिच्याकडे फोन नव्हता. तिला फोनचीही भीती वाटायची.

मधल्या सुट्टीत मी फोन उघडला. ग्रुपवर बाईंचा मजकूर होता.

'माझी धाकटी जाऊ आज वारली. हिने माझ्याआधी उठून अंगणातल्या तुळशीला पाणी घातलं आणि घातलं नाही असं दाखवलं. गेली कित्येक वर्षं मी हिच्याशी बोलले नाही. माझ्या नवऱ्याच्या वेळी हिने मला खरं सांगितलं नाही. ती भित्री होती, दुष्ट नव्हती. हे मला फार पूर्वी कळलं होतं. सांगायचं राहिलं.'

मी खाली बसले. चार तासांपूर्वी जिने मला हात केला होता! वाटेत काही झालं असेल, पाड्यावर साप चावला असेल, काय काय मनात आलं. बाईंना फोन लावला, तर बंद. तो बंदच असणार होता. बातमी टाकली की बाई फोन बंद करून वारलेल्या माणसाच्या घरी जात. म्हणत, "सांगायचं ते सांगून झालं. आता चौकशा नकोत." मी अर्धी रजा टाकली आणि मिळेल त्या जीपने परत निघाले. वाटेत त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

अंगण माणसांनी भरलेलं. बोर्डीहून, घोलवडहून नातेवाईक आलेले. बायकांनी सूर लावलेला. पुरुष एकमेकांना विचारत होते, तलासरीहून केव्हा आणणार? कोणालाच काही ठाऊक नव्हतं. बाई घरात नव्हत्या.

एवढ्यात मागच्या आळीकडून छत्री टेकत टेकत बाई आल्या. गर्दी बघून थबकल्या. "एवढे लोक कशाला जमलेत?"

एका शेजारणीने त्यांच्या गळ्यात हात टाकला. "बाई, धाकटी गेली हो!"

मी बाईंच्या तोंडाकडे बघत होते. कुठे गेली, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या हातातली छत्री पडली. रंग असा उतरला, की मी धावत जाऊन त्यांना धरलं. पायरीवर बसवलं. मग त्यांनी विचारलं, "कोणी सांगितलं?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी गिरणीवाला चाचरत म्हणाला, "बाई, तुम्हीच."

मी माझा फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, नवा चष्मा यायचा होता. फोन लांब धरून त्यांनी एकेक शब्द वाचला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हळूहळू उलगडा झाला. मागच्या आळीतले, नारळ उतरवणारे आजोबा सकाळी वारले होते. त्यांचा मजकूर फडताळात वरून तिसरा. बाईंना अक्षर चटकन लागत नव्हतं, पण जागा पाठ होती. स्वयंपाकघरातला डबा अंधारात हाताला लागावा तशा त्यांनी तिसऱ्या कप्प्यावर बोट ठेवलं, पाठवलं, फोन बंद केला आणि आजोबांच्या घरी गेल्या. पण त्याच्या तासभर आधी त्यांनी सिलिंडरचा नंबर कॉपी केला होता. तो सगळ्यात वर जाऊन बसला आणि बाकीचे एकेक घर खाली सरकले. दुसऱ्या कप्प्यातली धाकटी तिसऱ्या कप्प्यात आली.

आणि मला तेव्हा सुचलं, की फडताळात वर तेच येतं, जे अलीकडे कॉपी केलेलं असतं. म्हणजे धाकटीचा मजकूर बाईंनी या दोन-चार दिवसांतच पुन्हा सुधारून ठेवला होता. कितव्यांदा, कोण जाणे.

"म्हणजे ती आहे?" बाईंनी मला विचारलं. माझं मनगट त्यांनी घट्ट धरलं होतं. "नक्की आहे?"

नक्की आहे, असं मी कशाच्या जोरावर सांगणार? सकाळी होती, एवढंच मला माहीत होतं. पण उत्तर द्यायची वेळच आली नाही. फाटकाशी रिक्षा थांबली आणि तिच्यातून धाकटी उतरली.

तिने अंगणातली गर्दी पाहिली, रडणाऱ्या बायका पाहिल्या आणि हातातली पिशवी तिथेच टाकली. "बाई गो! माझी बाई गो!" छाती पिटत ती आत धावत सुटली. "मी घरात नव्हते आणि बाई गेली! मला कोणी सांगितला कसा नाय गो! मला कोणीच कसा सांगितला नाय!"

एक म्हातारी तिला पाहून किंचाळली आणि केळीच्या आड गेली. बाकीच्यांनी नुसतीच वाट करून दिली. धाकटी पदराने तोंड झाकून रडत रडत थेट पायरीपर्यंत आली आणि बाईंच्या पायांना अडखळली.

"मी आहे," बाई म्हणाल्या. "तू वारलीस."

धाकटी डोळे विस्फारून बघत राहिली. मग घाबरून हसली. मग पुन्हा रडू लागली. गर्दीत कोणीतरी हसलं आणि त्याला कोणीतरी दाबलं. बाई कित्येक वर्षांनी तिच्याशी पहिलं वाक्य बोलल्या होत्या, आणि ते हे!

"माझ्यावर काय लिवलाय?" धाकटीने विचारलं.

मी वाचणार होते. बाईंनी फोन माझ्याकडून घेतला आणि वर्गात धडा वाचावा तसा स्वतः वाचला, शेवटपर्यंत.

"भित्री तर हायेच मी," धाकटी म्हणाली. "डॉक्टर मला बोलले, आता खरा नाय, घरच्यांना बोलवा. मी त्या जीपवाल्याकडे गेले. तुमचा नाव घेतला आणि पुढचा तोंडातून निघेचना. तुम्ही त्या डोंगरात एकट्या. मी जरा बरा नाय, असाच बोलले. माझ्यामुळे तुमची भेट चुकली बाई."

माणसं एकेक करून निघाली. कोणीतरी आठवण केली, की आजोबांचं कळवायचं राहिलंय, आणि सगळे मागच्या आळीकडे वळले. अंगण रिकामं झालं. मीही उठणार होते, पण बाईंनी माझं मनगट सोडलं नव्हतं.

"शुद्ध होती त्यांना?" बाईंनी विचारलं.

"होती. शेवटपर्यंत होती."

"काही म्हणाले?"

धाकटीने पदराने नाक पुसलं. "तुमचाच विचारत होते. बोलले, काल ती घाईत निघाली, जेवून गेली का?"

बाई तुळशीकडे बघत बसल्या.

"मग तू काय सांगितलंस?"

"मी बोलले, हो दादा, पोटभर जेवून गेली."

"उपाशीच गेले होते मी," बाई म्हणाल्या. आणि मग अगदी हळू, धाकटीचा हात हातात घेऊन, "बरं केलंस."